‘दुर्लक्ष करा’ हा हुकूम मला मान्य नाही



मागचे दोन लेख वाळवंटातल्या पोस्टिंगवर होते, हलकेफुलके. आजचा लेख तसा नाही. आज मला भांडायचं आहे. विषय संगणकाचा आहे म्हणून पान उलटू नका. ज्यानं आयुष्यात एकदा तरी रात्री दोन ते चार गार्ड ड्युटी केली आहे, त्याला हा विषय एखाद्या इंजिनिअरपेक्षा लवकर कळेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी सिग्नल्सचा माणूस. आमच्या कुठल्याही यंत्रणेबद्दल इथे एक अक्षर सापडणार नाही. जे लिहितोय त्यातलं बरंचसं जगजाहीर आहे. एक अनुभव स्वतःचा आहे, तो एका कॅन्टीनमधला आहे, आणि त्यातही ठाण्याचं नाव नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे: ज्या पॅचमुळे सर्व्हरच्या सुरक्षा लॉगमध्ये खोटी, अर्धवट किंवा चुकीच्या नावाची नोंद होते, तो पॅच म्हणजे किरकोळ दोष नव्हे; ते सुरक्षेला पडलेलं भगदाडच आहे, आणि त्याला तेवढ्याच गांभीर्यानं वागवलं पाहिजे. आज तसं होत नाही. आज काय होतं? कंपनी एक निवेदन काढते. त्यात लिहिलेलं असतं, ‘या नोंदीकडे दुर्लक्ष करा.’ आपण करतो.

रजिस्टर म्हणजे काय, हे फौजीला सांगावं लागत नाही

कोतचं रजिस्टर आठवा. कुठलं हत्यार, कुठला बट नंबर, कुणी नेलं, किती वाजता नेलं, किती वाजता जमा केलं, सही. पहिल्या पानावर दाखला असतो की या रजिस्टरमध्ये इतकी पानं आहेत, आणि त्याखाली अधिकाऱ्याची सही. प्रत्येक पानावर नंबर. लिहिताना चूक झाली तर खोडरबर चालत नाही, व्हाइटनर चालत नाही, गिरवून सुधारणं चालत नाही. एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. खाली काय लिहिलं होतं, ते वाचता आलं पाहिजे.

हे सगळं कशासाठी? हत्यार मोजायला रजिस्टर लागत नाही, ती तर समोर रॅकमध्ये दिसतात. रजिस्टर लागतं ते ज्या दिवशी एक हत्यार कमी भरेल त्या दिवसासाठी. तो दिवस बहुतेकांच्या नोकरीत येतच नाही. पण त्या एका दिवसासाठी वर्षानुवर्षं रोज लिहायचं असतं.

सर्व्हरचा ऑडिट लॉग म्हणजे हेच रजिस्टर. कोण आत आलं, किती वाजता आलं, कुठली फाईल उघडली, कुणी पासवर्ड चुकवला, कुणी अधिकार बदलले. विंडोज सर्व्हरवर यशस्वी लॉगिनची नोंद ४६२४ या क्रमांकानं पडते, फसलेल्या लॉगिनची ४६२५ या क्रमांकानं. कुणी सुरक्षा लॉग पुसून टाकला, तर पुसल्याचीही नोंद होते, ती ११०२. म्हणजे चोरानं रजिस्टर फाडलं तरी फाडल्याचा शिक्का मागे राहतो. व्यवस्था चांगली आहे. ज्यांनी बांधली, त्यांना पहारा म्हणजे काय ते कळत होतं.

आता पॅच म्हणजे काय? पॅच म्हणजे ठिगळ. सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं की कंपनी ठिगळ पाठवते. मायक्रोसॉफ्टची ठिगळं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. ठिगळ लावणं आवश्यक आहे, त्याबद्दल पुढे बोलतो. पण फौजी नजरेनं बघा, काय घडतंय ते. रात्री कुणीतरी येतो, कोतचं रजिस्टर घेऊन जातो, शिवण उसवतो, काही पानं बदलतो, पुन्हा शिवतो आणि सकाळच्या आत जागेवर ठेवतो. तो चोर नाही, आपलाच माणूस आहे, त्याच्याकडे परवानगी आहे. पण सकाळी कोत एनसीओनं पानं मोजायची की नाही? मोजायचीच. संगणकाच्या दुनियेत ती कुणी मोजत नाही.

चार प्रकारचं खोटं

लॉग चार प्रकारे खोटं बोलतो. चारही प्रकार खरे घडलेले आहेत.

पहिला प्रकार: धोका नसताना ओरडणं. जानेवारी २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज १० आणि विंडोज सर्व्हर २०२२ यांच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७०२३ क्रमांकाची त्रुटी दिसू लागली. एक सेवा चालू होता होता बंद पडत होती. सेवेचं नाव काय, तर ‘सिस्टम गार्ड रनटाइम मॉनिटर ब्रोकर’. नावातच गार्ड! सुरक्षेसाठी जागणाऱ्या माणसाला हे नाव दिसल्यावर त्याच्या पोटात गोळा येणारच. मायक्रोसॉफ्टचं स्पष्टीकरण असं की ही सेवा आता काही कामाची उरलेली नाही, सुरक्षेवर परिणाम नाही, काळजी नसावी. त्याच वर्षी जूनच्या एका अपडेटनंतर विंडोज ११ मध्ये फायरवॉलच्या नावानं २०४२ क्रमांकाची त्रुटी पडू लागली: ‘कॉन्फिग रीड फेल्ड’. म्हणजे फायरवॉलला स्वतःची मांडणी वाचता आली नाही. पुन्हा तोच सल्ला: दुर्लक्ष करा. त्यानंतर हा दोष दुरुस्त झाल्याचं कंपनीनं जाहीर केलं, आणि मग तेही चुकून जाहीर केलं असं सांगून मागे घेतलं.

यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. खरंच फायरवॉल तर चालू होती. बिघडलं ते संतरीचं. ‘थम, कौन आता है’ असं जो संतरी रोज रात्री झुडपाला विचारतो, त्याच्या आवाजानं पंधरा दिवसांनी गार्ड रूममधलं कुणी उठत नाही. सोळाव्या रात्री झुडूप नसतं. यंत्राला रोज खोटं ओरडायला लावायचं आणि माणसाला रोज न ऐकायला शिकवायचं, याला मी सुरक्षा म्हणायला तयार नाही. शत्रूला यापेक्षा स्वस्त मदत कुठली?

दुसरा प्रकार: पहारा चालू असताना बंद असल्याचं दाखवणं. एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं मान्य केलं की काही यंत्रांवर लॉगिनची नोंद ठेवण्याचं धोरण प्रत्यक्षात चालू असूनही स्थानिक धोरणाच्या खिडकीत ‘नो ऑडिटिंग’ असं दिसतंय. हा दोष सर्व्हर २०१६, २०१९, २०२२ या पिढ्यांपर्यंत होता. दुरुस्तीसाठी कंपनीला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर वेगळं अपडेट काढावं लागलं. आता तपासणीला आलेल्या माणसाची जागा घ्या. तो खिडकी उघडतो, त्याला दिसतं ‘नोंद बंद’. तो अहवालात ताशेरा मारतो. सिस्टम सांभाळणारा पोरगा शपथेवर सांगतो, साहेब, मी बंद केलेली नाही. कोण ऐकणार? त्याहून वाईट म्हणजे उलटा परिणाम. एकदा कळलं की ही खिडकी खोटं बोलते, की पुढच्या वेळी खरोखर बंद असली तरी माणूस म्हणणार, ‘अरे, तो जुना दोष असेल.’

तिसरा प्रकार सगळ्यात घातक: पहारा बंद आणि कुणाला पत्ताच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये हे घडलं. लॉग गोळा करणाऱ्या सेवेतली एक मर्यादा दूर करण्यासाठी बदल केला गेला. त्या दुरुस्तीतून दुसराच दोष शिरला, आणि नोंदी पुढे पाठवणारा प्रोग्राम काही यंत्रांवर अडकून बसायला लागला. २ सप्टेंबर ते १९ सप्टेंबर या काळात अनेक ग्राहकांचे सुरक्षा लॉग अर्धवट राहिले; काही सेवांत त्याच्या पुढेही काही दिवस. कुठल्या सेवा? एन्ट्रा, म्हणजे कोण लॉगिन झालं याची नोंद. सेंटिनेल, म्हणजे धोका ओळखणारी सेवा. कंपनीनं सांगितलं की हा हल्ला नव्हता. मला ते मान्य आहे. पण त्या अडीच आठवड्यांत एखाद्या ग्राहकाकडे कुणी शिरलं असेल, तर ते आता कशावरून सांगायचं? रजिस्टरची ती पानं कधी लिहिलीच गेली नाहीत.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. चोरानं लॉग पुसला तर ११०२ ची नोंद पडते, हे वर सांगितलं. दुरुस्तीनं लॉग थांबवला तर अशी कुठलीही नोंद पडत नाही. लिहिणाराच बेशुद्ध पडला, तर ‘मी बेशुद्ध पडलो’ हे रजिस्टरमध्ये कोण लिहिणार? म्हणून मी म्हणतो, या बाबतीत बिघडलेली दुरुस्ती चोराहून वाईट.

जुलै २०२४ मधला क्राउडस्ट्राइकचा प्रकार तुम्हाला आठवत असेल. एका खराब अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली, विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. त्यावर महिनाभर चर्चा झाली. कारण ते दिसलं. संतरी धाडकन कोसळला की सगळे धावतात. उभ्या उभ्या झोपलेल्या संतरीकडे कोण बघतो? तो तर लांबून ताठ उभा दिसतो.

चौथा प्रकार, जवळून पाहिलेला

चौथा प्रकार म्हणजे केलं एकानं, नाव दुसऱ्याचं. हा मी स्वतः पाहिला आहे.

उत्तरेकडच्या एका ठाण्यावर असताना तिथल्या युनिट कॅन्टीनमध्ये रमच्या काही पेट्यांचा हिशेब लागेना. बिलिंगला एक माजी नाईक होता, पेन्शनवर आलेला, रोहतककडचा, शांत माणूस. बिलिंगच्या लॉगमध्ये रात्रीच्या वेळी बिलं रद्द केल्याच्या नोंदी सापडल्या, सगळ्या त्याच्या नावावर. झालं. दोन दिवसांत ठाण्यावर सगळ्यांना चोर कोण ते माहीत झालं. लोक त्याच्याकडे बघून आवाज कमी करायला लागले. त्याच्या पोराला शाळेच्या बसमध्ये कुणी काय बोललं, ते इथे लिहीत नाही.

मला तांत्रिक बाजू पाहायला बोलावलं. तो हात जोडून एवढंच म्हणाला, “साब, मशीन झूठ बोल रही है.” समोर बसलेल्यांपैकी एकजण हसला. मशीन कसली खोटं बोलते!

त्याला वाचवलं कागदानं. ज्या रात्रींच्या नोंदी होत्या, त्यांतल्या चार रात्री तो गावी गेलेला होता, आणि गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याची बाहेर गेल्याची आणि परत आल्याची नोंद होती, गार्डच्या हस्ताक्षरात, वेळेसह. मग आम्ही सॉफ्टवेअरवाल्याला बसवून विचारलं. निघालं असं की काही आठवड्यांपूर्वी एक अपडेट लावलं होतं. त्यानंतर रात्री आपोआप चालणारा साफसफाईचा प्रोग्राम दुबार बिलं रद्द करताना स्वतःचं नाव लिहायच्या ऐवजी यूजरच्या यादीतलं पहिलं नाव लिहीत होता. यादीत पहिलं नाव या माणसाचं होतं. आणि पेट्या? पेट्या गेल्याच नव्हत्या, त्यांची आवक दोनदा चढवली गेली होती.

सॉफ्टवेअरवाला काय म्हणाला सांगू? “हो सर, माहीत होतं आम्हाला, पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त करणार होतो. छोटा इश्यू आहे.”

छोटा इश्यू. वीस वर्षं कोऱ्या रेकॉर्डची नोकरी केलेला माणूस आठवडाभर चोर म्हणून फिरत होता, आणि हा छोटा इश्यू. माझ्या रागाचं मूळ इथे आहे. गेटवरचा गार्ड त्या रात्री आळस करून नोंद न करता झोपला असता, तर या माणसाची बाजू मांडायला जगात काहीही उरलं नसतं.

मशीन खरंच बोलते, असं धरून चाललं की काय होतं

ही गोष्ट एका कॅन्टीनची म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटनमध्ये हेच एका देशाच्या पातळीवर झालं. तिथल्या पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून फुजित्सू कंपनीची होरायझन नावाची हिशेब प्रणाली आणली. प्रणालीत दोष होते, हिशेबात तूट दिसायची, आणि तूट दिसली की शाखा चालवणाऱ्यावर चोरीचा ठपका. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरदार विकून न घेतलेले पैसे भरले. २०२५ च्या चौकशी अहवालानं किमान १३ आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो असं म्हटलं. शाखेला पत्ता लागू न देता तिच्या हिशेबात बाहेरून बदल करता येत होता, हे डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयात सिद्ध झालं. शेवटी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

हे इतकी वर्षं कसं चाललं? एक मोठं कारण कायद्यात होतं. संगणकाचा पुरावा देणाऱ्यानं संगणक नीट चालत होता हे आधी दाखवलं पाहिजे, असं एक कलम तिथे होतं. १९९९ मध्ये ते काढून टाकलं गेलं. त्यानंतर उलट झालं: यंत्र बरोबर चालतंय असंच धरायचं, बिघडलं होतं असं म्हणायचं असेल तर आरोपीनं ते दाखवायचं. आता एका खेड्यातल्या पोस्टवाल्या बाईनं फुजित्सूच्या सर्व्हरमधला दोष कसा दाखवायचा?

आपल्याकडे परिस्थिती थोडी बरी आहे, पण निश्चिंत राहावं इतकी नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये ज्या खटल्यात ठणकावून सांगितलं, तो आपल्या जालन्याचा: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा वाद व्हिडिओच्या पुराव्यावर गेला होता. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते.

पण हॅश काय सांगतो? एवढंच, की फाईल घेतल्यापासून कुणी बदललेली नाही. फाईलमध्ये मुळात लिहिलं गेलं तेच खोटं असेल, तर हॅश त्या खोट्यावर इमानदारीनं मोहोर मारतो. यंत्र नीट चालत होतं असं प्रमाणपत्रात लिहून सही करणाऱ्या किती जणांनी त्या तारखेला सर्व्हरवर कुठले पॅच होते, आणि त्या पॅचचे कुठले दोष कंपनीनं जाहीर केले होते, हे तपासलेलं असतं?

सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सगळ्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस देशात जपून ठेवायला सांगितलं, घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायला सांगितली, घटना सहा तासांत कळवायला सांगितली. चांगले नियम आहेत. पण १८० दिवस काय जपलंय, ते आधी बघायला नको का? कोरी पानं जपून ठेवली तरी नियम पाळला जातो.

मला मिळणारी उत्तरं

हा विषय काढला की तीन उत्तरं हमखास मिळतात.

पहिलं: “मग पॅच लावूच नका.” नाही. हे मूर्खपणाचं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, तेव्हा त्याचं ठिगळ मार्चमध्येच निघालेलं होतं. ज्यांनी लावलं नाही, ते मेले. ठिगळ लावायचंच. पण लावल्यावर पहारा तपासायचा. रायफल दुरुस्त होऊन आर्मररकडून परत आली की झिरो केल्याशिवाय तुम्ही ती मोर्च्यावर नेता का?

दुसरं: “आता आपलं स्वतःचं ‘माया’ आलंय, विंडोजचा प्रश्नच मिटला.” संरक्षण मंत्रालयानं उबुंटूवर आधारलेली माया प्रणाली आणली याचा मलाही अभिमान आहे. पण लिनक्सचा लॉग काय देवानं लिहिलेला नाही. लिनक्सच्या ऑडिटमध्ये नोंदींची रांग एका मर्यादेपलीकडे वाढली की पुढच्या नोंदी टाकून दिल्या जातात. किती टाकल्या, त्याचा आकडा प्रणाली ठेवते, पण तो बघावा लागतो. नोंद होत नसेल तर काय करायचं, यासाठी तीन पर्याय आहेत: गप्प बसा, संदेश छापा, किंवा यंत्रच थांबवा. विंडोजमध्येही सुरक्षा नोंद करता येत नसेल तर सर्व्हर बंद करण्याचा पर्याय आहे. हा कोतचाच नियम झाला, रजिस्टर नसेल तर हत्यार मिळणार नाही. प्रत्येक सर्व्हरवर तो लावा असं मी म्हणत नाही, दवाखान्याचा सर्व्हर असा बंद करता येत नाही. पण कुठे लावायचा आणि कुठे नाही, हा निर्णय कुणीतरी विचार करून घेतलेला असावा. प्रश्न देशी की परदेशी हा नाहीच. पहाऱ्यावर पहारा आहे की नाही, हा आहे.

तिसरं: “सॉफ्टवेअर आहे, चुका होणारच.” होणार. माझी तक्रार चूक होण्याबद्दल नाही. चुकीला ‘छोटा इश्यू’ म्हणण्याबद्दल आहे. २०२३ मध्ये हॅकर अमेरिकी अधिकाऱ्यांच्या मेलमध्ये शिरले, ते पकडले कसे? त्यांच्या परराष्ट्र खात्याकडे मेल उघडल्याची बारीक नोंद ठेवणारा लॉग होता, आणि कुणीतरी तो वाचत होतं. तो लॉग महागड्या परवान्यातच मिळत असे. ज्यांच्याकडे स्वस्त परवाना होता, त्यांच्याकडे ही नोंदच नव्हती. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं जास्त ग्राहकांना ती खुली केली. एका खऱ्या नोंदीची किंमत एवढी असते. मग खोट्या नोंदीची किंमत शून्य कशी?

माझ्या मागण्या

नुसतं भांडून उपयोग नाही. मला काय हवंय ते लिहितो.

एक. लॉग बिघडवणारा दोष हा सुरक्षेचा दोष म्हणूनच जाहीर व्हावा, त्याच यादीत, त्याच मोठ्या अक्षरांत. ‘ज्ञात समस्या’ म्हणून तळाला नको. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत नोंदी अविश्वसनीय होत्या, हे कंपनीनं लिहून द्यावं.

दोन. प्रत्येक पॅचनंतर चाचणी. मुद्दाम एकदा चुकीचा पासवर्ड टाका, एकदा बरोबर टाका, एक राखीव फाईल उघडा, एक अधिकार बदलून परत घ्या. मग लॉग उघडून बघा: चारही नोंदी आल्या का? नाव बरोबर आहे का? वेळ बरोबर आहे का? दहा मिनिटांचं काम आहे.

तीन. लॉगची एक प्रत तत्काळ दुसऱ्या यंत्रावर जावी, आणि दोन्ही यंत्रांना एकाच रात्री पॅच लावू नये. दोन्ही संतरी एकदम जेवायला पाठवत नाहीत, तसं.

चार. पॅचचं रजिस्टर ठेवा, आणि ते कागदावर असलं तर उत्तम. तारीख, क्रमांक, कुणी लावला, चाचणी कुणी घेतली, सही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासोबत हे पान जोडलं जावं.

पाच, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. केवळ लॉगमध्ये नाव आहे म्हणून कुणावरही ठपका ठेवू नये. लॉग हा एक साक्षीदार आहे. दुसरा साक्षीदार शोधा, मग तो गेटचं रजिस्टर असो, कॅमेरा असो की शेजारच्या खाटेवरचा जवान असो.

माजी सैनिक मित्रांनो, हे तुमच्यासाठीही लिहिलंय. तुमच्यापैकी कितीतरी जण आज बँकांत, कारखान्यांत, डेटा सेंटरच्या गेटवर सुरक्षेचं काम करता. आपलं पेन्शन स्पर्शवर आहे, हयातीचा दाखला मोबाइलवर आहे, कॅन्टीनचं कार्ड यंत्रात आहे. उद्या कुठल्याही कार्यालयात कुणी तुम्हाला सांगेल, ‘सिस्टममध्ये तुमच्याच नावानं नोंद आहे.’ घाबरू नका, आवाजही चढवू नका. तीन प्रश्न विचारा, आणि लेखी विचारा. ही नोंद पडली त्या दिवशी यंत्रावर शेवटचं अपडेट कधी लागलं होतं? त्या अपडेटनंतर लॉग बरोबर पडतोय, हे कुणी तपासलं? आणि या नोंदीला दुजोरा देणारी दुसरी गोष्ट तुमच्याकडे काय आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कदाचित मिळेल. दुसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस गप्प बसला, तर ती शांतता तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. आपल्या बाजूचं रजिस्टर आपणच लिहायचं असतं.